उन्हाची बाजू

मैदानावर आपली जागा आली, हे एल्वुड पेटवेच्या पायांना आधी कळायचं. सिमेंट संपायचं, लाकूड लागायचं, आणि तिसऱ्या पायरीवरची सैल फळी कुरकुरली की तो म्हणायचा, "आलं घर." मागून त्याचा मेहुणा लेम्युएल स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत चढत असायचा. "घर म्हणे. घराला पाठ टेकायला भिंत असते," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी दोघं अगदी वरच्या रांगेत जाऊन बसायचे. एल्वुडच्या डाव्या हाताला लेम्युएल. उजव्या हाताची जागा रिकामी.

तिथे व्हर्डेल बसायची. एल्वुडची बायको, लेम्युएलची थोरली बहीण. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्याशिवायचा हा पहिला उन्हाळा.

बेसबॉलच्या या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. कॅलोवे फेरी नावाच्या नदीकाठच्या गावाला शोभेल असंच. खेळणारी पोरं पगारी, पण मोठ्या संघाच्या वाटेवरची. एकदोन उन्हाळे इथे घाम गाळून ती पुढे जात, नाहीतर गपचूप आपल्या घरी परतत. पोरं बदलत राहिली, मालक बदलले, शर्टांचे रंग बदलले. उजव्या कुंपणामागची ही लाकडी बाकं तेवढी तशीच राहिली, आणि त्यांचं नावही. उन्हाची बाजू.

एल्वुडला तिथे प्रथम त्याच्या वडलांनी आणलं होतं. तेव्हा गावातले काळे लोक तिथेच बसत. कुठे पाटी लावलेली नव्हती; पाटीची गरजच नव्हती. तिकीटवाला तुमच्याकडे एकदा बघायचा आणि अंगठ्याने उजवीकडे दाखवायचा. संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांत, समोर सगळं झळझळीत पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून चेंडू शोधून काढायचा. वडील म्हणायचे, सावलीतल्यांना खेळ आयता मिळतो, आपण कमावून बघतो. पुढे कायदा बदलला, अंगठा दाखवणं थांबलं. ज्यांना सावलीत जायचं होतं ते गेले. पेटवे मंडळी गेली नाहीत. आणि त्यांच्याच पुढच्या रांगेत एका उन्हाळ्यात पिवळ्या टोपीतली एक मुलगी भावाला घेऊन बसली होती. शेंगांची टरफलं मागे न बघता खांद्यावरून टाकायची तिला खोड होती. ती सगळी एल्वुडच्या मांडीवर पडत होती. तिसऱ्या डावापर्यंत त्याने सहन केलं, मग तिच्या टोपीत परत टाकली. व्हर्डेलची आणि त्याची ओळख ती अशी.

एल्वुड चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान लावायचं काम करायचा. गावातल्या अर्ध्या घरांतली सकाळची कॉफी अजूनही त्याने लावलेल्या कानाला धरूनच प्यायली जाते. पन्नाशीच्या आसपास काचबिंदूने त्याची नजर कडांकडून कुरतडायला सुरुवात केली. आधी बाजूचे लोक गेले, मग पायाखालची वाट गेली, आणि शेवटी एखाद्या नळकांड्यातून बघावं तेवढंच उरलं. त्या नळकांड्यात फार थोड्या गोष्टी मावत. बाकावर बसलं की समोर, डाव्या प्रेक्षकगॅलरीच्या वर, कारखान्याचं विटांचं धुराडं दिसायचं. उंच, अरुंद. ते बरोबर मावायचं. उन्हाळा सरत आला की रोज दिवेलागणीला त्या धुराड्यावर पाकोळ्यांचा, त्या चिमुकल्या काळ्या पक्ष्यांचा, थवा गोल गोल फिरायचा, आणि मग कुणीतरी वरून फनेल धरावं तसा सगळा थवा एका दमात आत ओतला जायचा. डोळ्यांनी नीट पाहिलेलं एल्वुडचं शेवटचं चित्र हेच. पुढच्या वर्षी नळकांडंही बुजलं.

त्याने जाहीर करून टाकलं की आता मैदानावर यायचं नाही, घरी रेडिओ पुरे.

"आणि मला कोण नेणार?" व्हर्डेल म्हणाली. "लेम्युएल? तो आपल्या बायकोलासुद्धा एकदा तिथे विसरून आला होता. उठ म्हाताऱ्या, बूट घाल. मी सांगते तुला सगळं."

तेव्हा तो म्हातारा नव्हता. पण उठला.

आता व्हर्डेलच्या सांगण्याबद्दल लेम्युएलला विचारा, तो म्हणेल की तिला खेळातलं सगळं कळायचं आणि त्यातलं काहीच ती सांगायची नाही. किती गडी बाद झाले हे विचारावं लागायचं. पण चेंडू टाकणारा पिचर आज आईशी भांडून आलाय, फोन उचलत नाहीये बघ तिचा, हे न विचारता कळायचं. पहिल्या बेसवरचा उंच मुलगा घरी चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखा उभा आहे. पंचाने कंबर खाजवली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चर्चमधली टोपी इथे घातली आहे, देवाला कळलं तर विचारेल. आणि चेंडू उंच उडाला की तिचा आवाज हळू व्हायचा. "गेला... अजून वरच आहे... त्याला उतरायचंच नाही आज... एल्वुड, तो ढगात गेला, गुलाबी ढग आहे..." तोवर मैदानावर तो चेंडू कुणीतरी केव्हाच झेललेला असायचा, लोक टाळ्या वाजवून गप्प झालेले असायचे. एल्वुडला ते कानांनी कळायचं. तरी तो व्हर्डेलचा चेंडू खाली येईपर्यंत थांबायचा.

आणि दिवेलागणीला ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. "गेल्या बघ पाकोळ्या. आपल्या धुराड्यात. सगळ्याच्या सगळ्या."

चार वर्षांपूर्वी ते धुराडं पाडलं. कारखाना कधीच बंद झाला होता, उरलंसुरलं सुरुंग लावून पाडायचं ठरलं, आणि त्याच रविवारी व्हर्डेलला नदीपलीकडच्या चुलतबहिणीची अचानक फार आठवण झाली. चर्च बुडवून ती एल्वुडला तिकडे घेऊन गेली. बहिणीच्या स्वयंपाकघरात ती दोघं बसली असताना पाण्यावरून आवाज आला, मोठा, लांबट, आणि खिडकीची तावदानं थरथरली.

"गडगडायला लागलं," व्हर्डेल म्हणाली, जरा जास्तच जोरात.

"हं," एल्वुड म्हणाला, आणि कपाचा कान घट्ट धरून बसला. हा कान त्याने लावलेला नव्हता, एवढं बोटांना कळत होतं.

न्हाव्याच्या दुकानात त्यानंतर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण घरी कुणी काही बोललं नाही. पुढच्या सामन्याला दिवेलागण झाली तेव्हा एल्वुड श्वास धरून बसला होता. गुडघ्यावर हात आला. "गेल्या बघ," ती म्हणाली. "आपल्या धुराड्यात." तिचा आवाज किंचित कापरा होता, नवीन पोहायला शिकणाऱ्या माणसासारखा. एल्वुडने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "सगळ्या?" ती म्हणाली, "सगळ्या."

ते तसंच चाललं, शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत. तिने त्याच्यासाठी ते उभं ठेवलं होतं, आणि त्याने तिच्यासाठी ते पाडलं नाही. एकच गोष्ट त्याला या सगळ्यात सलत राहिली. पाकोळ्या खरोखर कुठे जात असतील, हे त्याला विचारता येत नव्हतं.

नव्या मालकांनी संघ घेतल्यावर प्रवेशद्वारावर एक वाक्य लिहिलं गेलं: हे मैदान सगळ्यांचं आहे. लेम्युएलने ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, बघू. पण क्लबने ते भिंतीपुरतं ठेवलं नाही. दर रविवारी चर्चच्या तळघरात धान्याच्या पिशव्या येऊ लागल्या आणि त्या उतरवायला खेळाडू स्वतः येत. गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी जाड भिंतींची एक शांत खोली झाली. महिन्यातून एकदा शर्टांवर बगळ्याचं स्पॅनिश नाव यायचं, एका संध्याकाळी झेंडे इंद्रधनुष्याचे असायचे, आणि एका सामन्याची मिळकत डोळ्यांच्या दवाखान्याला जायची. या सगळ्यामागे धावणारी मुलगी म्हणजे यारित्झा किन्योनेस. लोरेन शहरची, आईवडील पोर्तो रिकोचे, बोलणं भरभर आणि पाऊल त्याहून भरभर. एल्वुड तिला पावलांवरून ओळखायचा.

जूनमध्ये ती लाकडी पायऱ्या चढून वर आली आणि तिने मोकळेपणाने सांगितलं. हंगाम संपला की ही बाकं काढायची आहेत. लाकूड कुजलंय, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला इथे येताच येत नाही. त्या जागी हिरवळीची उतरण होणार. शिवाय या बाकांमागे जो इतिहास आहे त्याची क्लबला लाज वाटते. ते लपवायचं नाही, तिथे पाटी लावायची आहे. शेवटच्या घरच्या सामन्याला कार्यक्रम आहे, आणि मानाचा पहिला चेंडू मिस्टर पेटवेंनी टाकावा, चार शब्द बोलावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे. पुढच्या वर्षीपासून होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या, मागे त्यांची कायमची जागा. सावलीत. तिथे कानाला लावायचं एक छोटं यंत्र मिळेल, त्यात खेळाचं वर्णन ऐकू येईल, शिकलेल्या माणसाच्या तोंडून. ते शिक्षण तिनेच घेतलं होतं.

एल्वुडने शेंग फोडली. "सत्तर वर्षं लागली तुम्हाला मला सावलीत बसवायला."

"हो," यारित्झा म्हणाली. "उशीर झाला, मिस्टर पेटवे."

तिने सबब सांगितली नाही, हे त्याला आवडलं, आणि आवडलं म्हणून नाही म्हणणं जड गेलं. तो म्हणाला की विचार करून सांगतो. ती उतरून गेल्यावर लेम्युएलने गुडघे चोळले. मग म्हणाला, "मला ती हिरवळ चालेल. हे गुडघे आणखी एक उन्हाळा चढणार नाहीत. तुला बोललो नाही इतकंच."

एल्वुडला ते ठाऊक होतं. त्याचं भांडण ना हिरवळीशी होतं, ना पाटीशी, ना त्या पोरीशी. त्याला फक्त ही जागा सुटत नव्हती. घरात व्हर्डेलचा आवाज त्याला सापडायचा नाही. स्वयंपाकघरात तो हातात कप घेऊन उभा राहून बघायचा, काही नाही. चर्चमध्ये ती गायची तिथेही नाही. पण इथे, ऊन कपाळावर आलं की उजव्या कानाशी काहीतरी हलायचं. फळ्या काढल्या की तेही जाणार. आणि हे सांगायचं कुणाला, कुठल्या तोंडाने? लोकांना चढता यावं म्हणून ते बाकं काढताहेत, आणि एक म्हातारा म्हणतो, काढू नका, माझी बायको तिथे बोलते.

जुलैत एकदा लेम्युएलच्या आग्रहाने तो त्या सावलीतल्या जागी बसून आला. खुर्चीला पाठ होती. कानात यारित्झाचा आवाज आला, स्वच्छ, ठाम, वरच्या काचेच्या खोलीतून. डावखुरा फलंदाज. दोन स्ट्राइक, एक बॉल. चेंडू जमिनीलगत, दुसऱ्या बेसकडे, बाद. एकही चूक नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच किती गडी बाद झाले हे त्याला सतत माहीत होतं. त्याला खेळ कळला आणि एकटं वाटलं. दिवेलागणीला त्याच्या तोंडून निघून गेलं, "पाकोळ्या?" पण यंत्र फक्त बोलायचं, ऐकायचं नाही. पाचव्या डावात त्याने ते काढून खिशात ठेवलं, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा सैल फळीवर पाय दिला.

ऑगस्टच्या मध्याला यारित्झा वर आली. त्या दिवशी वर्णन करायची पाळी दुसऱ्या कुणाची होती. ती उजव्या बाजूला बसणार, एवढ्यात लेम्युएल खाकरला. "तिथे नको, पोरी. इकडे ये." ती लेम्युएलच्या पलीकडे जाऊन बसली आणि तिने विचारलं की यंत्रात काय बिघडलं होतं.

"यंत्र उत्तम आहे," एल्वुड म्हणाला. "तूही उत्तम आहेस."

"मग?"

"त्यात आकाश नाही."

मग तिने सांगितलं की त्यांना शिकवतातच तसं. जे आहे ते सांगा, आपल्या मनाचं घालू नका. दिसत नाही त्या माणसाला तुमच्या शब्दांवर भरवसा ठेवावा लागतो, त्याला फसवायचा हक्क कुणाला नाही. ती हे मनापासून म्हणत होती.

"बरोबर आहे," एल्वुड म्हणाला. ऊन कपाळावरून गळ्यापर्यंत उतरलं होतं, म्हणजे वेळ झाली होती. त्याने विचारलं, "मग जे आहे ते सांग. पाकोळ्या धुराड्यात गेल्या का?"

"कुठल्या धुराड्यात?" यारित्झाने विचारलं.

लेम्युएलच्या हातातली शेंगांची पिशवी थांबली. हेच उत्तर त्याने चार वर्षं सगळ्या गावाच्या तोंडात अडवून धरलं होतं. व्हर्डेलने त्याला धमकावलं होतं की एल्वुडला कळलं तर तुझं जेवण बंद.

"ते पडलं, लेम," एल्वुड म्हणाला. "मला माहीत आहे. मी तेव्हाच ऐकलं."

"आणि माझ्या बहिणीला?"

"तिला मी माहीत होऊ दिलं नाही."

लेम्युएलने हळू आवाजात एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही, आणि बाहीने नाक पुसलं. "दोघंही वेडी," तो म्हणाला. "माझं जेवण मधल्यामध्ये टांगलेलं."

मग एल्वुडने त्या मुलीला सांगितलं, थोडक्यात, जसं चर्चच्या दारात उभ्याउभ्या सांगतात तसं. धुराडं, व्हर्डेल, गुडघ्यावरचा हात. शेवटी तो म्हणाला, "तिने सांगितलेलं मला पुरत होतं. पण खरं काय, ते मला कधी विचारता आलं नाही. विचारलं असतं तर तिचं धुराडं पडलं असतं. आता विचारू शकतो. कुठे जातात त्या?"

यारित्झा उभी राहिली. बराच वेळ ती बघत राहिली, आणि मैदानावर एक डाव संपून दुसरा सुरू झाला तरी तिने खेळाचं काही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज यंत्रातला नव्हता, "आहेत. बऱ्याच आहेत. डाव्या गॅलरीच्या वर, जिथे काहीच नाही तिथे गोल फिरताहेत. आता एका बाजूला झुकल्या. आता होम प्लेटच्या छताकडे आल्या. छतामागे गेल्या." ती खाली बसली. "पुढचं इथून दिसत नाही. छत आड येतं."

"म्हणजे तिलाही दिसलं नसेल," एल्वुड म्हणाला.

"नाही. इथून नसेलच दिसलं."

इतकी वर्षं एल्वुडला वाटत होतं की व्हर्डेलला खरं माहीत आहे आणि ती ते त्याच्यापासून राखून ठेवते. तिलाही माहीत नव्हतं. तीही त्याच्याशेजारी बसून छताकडे बघत राहिली असेल, आणि तिलाही कुणाला विचारता आलं नसेल.

"मी शोधून सांगेन," यारित्झा म्हणाली.

"सांग," एल्वुड म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तो चेंडू मी टाकतो. पण पाटीवर काय लिहिलंय ते मला आधी वाचून दाखव."

तिने फोनवरून वाचून दाखवलं. एके काळी या बाकांवर कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवलं जात असे, क्लबला त्याचा खेद आहे, असं नीट, गंभीर लिहिलं होतं. एल्वुडने ऐकून घेतलं आणि म्हणाला की खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं तो कार्यक्रमातच सांगेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा घरचा सामना झाला. लेम्युएलने त्याला मैदानाच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि पुटपुटला की तुझ्या टायवर मोहरी आहे. ती नव्हती, पण एल्वुड ती पुसत बसला आणि त्या नादात धास्ती विसरला. हातात मायक्रोफोन आला. त्याने आपलं तोंड उन्हाच्या बाजूकडे वळवलं. तेवढी दिशा त्याला सांगावी लागत नव्हती.

"ही बाकं काढताय, काढा," तो म्हणाला. "माझा मेहुणा चढताना ज्या तऱ्हेने देवाचं नाव घेतो, ते तरी थांबेल." लोक हसले. "आम्हाला तिथे बसवलं होतं. ते लिहिलंत, बरं केलंत. पण तेवढंच लिहिलं तर उद्याच्या पोरांना वाटेल आम्ही तिथे नुसते रडत होतो. आम्ही तिथे मजेत होतो. माझं लग्न तिथे जमलं. हेही लिहा."

टाळ्या वाजल्या. उन्हाच्या बाजूने लाकडावर पाय आपटल्याचा आवाज आला, शेकडो पायांचा, जसा त्याच्या वडलांच्या वेळी यायचा. मग समोरून चेंडू झेलणाऱ्या कॅचरने आपल्या चामडी हातमोज्यावर मूठ आपटली, धप्, धप्, इकडे, मिस्टर पेटवे, इकडे. एल्वुडने त्या आवाजावर चेंडू टाकला. तो एक टप्पा घेऊन गेला. कॅचरने तो धावत येऊन त्याच्या हातात दिला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला, जे दोघांनाही कळलं.

सामन्याला तो होम प्लेटमागे बसला. डावीकडे लेम्युएल. उजवीकडची खुर्ची यारित्झाने न विचारता रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून एल्वुडने आपली टोपी ठेवली. कानात यारित्झाचा आवाज, नेहमीसारखा. एक बाद. दोन बाद. त्याने शेंगा सोलल्या आणि ऐकत राहिला. इथे ऊन कपाळावर येत नव्हतं, त्यामुळे किती वाजले असतील याचा अंदाज लागेना. उजव्या कानाशी काही हललं नाही. त्याने वाट बघायचं सोडून दिलं नाही, फक्त खुर्चीला पाठ टेकली.

सहाव्या डावात एक चेंडू उंच उडाला. यंत्रातला आवाज म्हणाला, "चेंडू उंच, मधल्या मैदानावर..." आणि थांबला. मग म्हणाला, "झेलला. तीन बाद. ऐकणाऱ्या सगळ्यांना, आणि मिस्टर पेटवेंना. आकाश नारिंगी आहे, खाली जांभळं. डाव्या गॅलरीवर पाकोळ्या जमल्या आहेत. मी आठवडाभर या छतावर जाऊन पाहिलं आहे, त्यामुळे हे मनाचं नाही. त्या थोड्याच वेळात तुमच्या डोक्यावरून जातील आणि मागच्या गल्लीतल्या जुन्या शाळेच्या धुराड्यात उतरतील. यंत्र काढलंत तर ऐकू येतील."

एल्वुडने यंत्र काढलं.

आधी नुसती माणसं ऐकू आली, आईस्क्रीमवाला, लेम्युएलचं चावणं. मग वरून, छताच्या कडेवरून, बारीक चिवचिवाट आला, घाईघाईचा, जणू पुष्कळ लोक एकदम काही सांगताहेत आणि कुणाचंच पुरं होत नाही. तो डोक्यावर आला, दाट झाला, आणि मागे सरकत गेला. उन्हाच्या बाजूला हे कधीच ऐकू आलं नव्हतं. एवढ्या लांबून येणारच नव्हतं. इतकी वर्षं त्याने पाकोळ्या डोळ्यांनी पाहिल्या, मग व्हर्डेलच्या तोंडून पाहिल्या. त्यांचा आवाज असा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

आवाज विरळ होत गेला. शेवटी एकदोन राहिल्या, मग त्याही गेल्या.

त्याने उजवीकडे हात नेला. टोपी होती. टोपीच्या अलीकडे खुर्चीचा हात होता, गार, गुळगुळीत. त्याने त्यावर आपला हात ठेवला, जसा कुणी गुडघ्यावर ठेवावा.

"गेल्या गं," तो म्हणाला. "शाळेच्या धुराड्यात जातात. आपलं पडलं ना, म्हणून."

लेम्युएल चावायचा थांबला. त्याने कोणाशी बोलतोस असं विचारलं नाही. त्याने शेंगांची पिशवी पुढे केली, आणि एल्वुड ती घेत नाही असं पाहून ती आपल्याच मांडीवर ठेवली.

"सगळ्या?" थोड्या वेळाने लेम्युएलने विचारलं.

"सगळ्या," एल्वुड म्हणाला.